धुराचा हिशेब आणि वावराचा वाटा

(कंधार येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रकात कापूस, ज्वारी आणि अतिवृष्टीची भरपाई असे तीन विषय छापले आहेत. त्यांत आम्ही चौथा विषय घालून घेत आहोत. विषय आहे परळीच्या धुराचा. कापसाच्या भावाच्या बैठकीत धूर कशाला, असे काहींना वाटेल. पण कोळसा जाळणाऱ्या वीज केंद्रांना, सिमेंट आणि पोलादाच्या कारखान्यांना आता धूर कमी करायला सांगितले जात आहे. त्यासाठी लाखो कोटी रुपये लागणार आहेत. ते कोणी द्यायचे याची वाटणी जगभर चालू आहे. या वाटणीत तुमचे वावर, तुमची पऱ्हाटी आणि तुमच्या पंपाची वीज अशा तिन्ही गोष्टी धरल्या गेल्या आहेत. तुम्हाला मात्र कोणी विचारलेले नाही. म्हणून हा विषय.

धूर वाढला तर पहिला मार कोरडवाहूला

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही कोळशाच्या बाजूने बोलायला उभे नाही. हवामान बिघडल्याचा मार मुंबईच्या कचेरीत बसलेल्याला उशिरा लागतो, कोरडवाहू शेतकऱ्याला पहिल्यांदा लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात इतका पाऊस झाला की शेजारच्या मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले आणि आपल्याकडे उभा कापूस, सोयाबीन पाण्यात गेले. दहा वर्षांत आपण पाण्याची रेल्वेही पाहिली आणि पुरात वाहून गेलेली मातीही पाहिली. एकेका दुष्काळाचे किंवा पुराचे खापर एकट्या धुरावर फोडता येत नाही. पण हवा तापत गेली की पाऊस असाच टोकाचा होत जातो, हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे सांगत आले आहेत.

आणि कोळशाच्या वीज केंद्राला स्वतःलाही पाणी लागते. परळीला १९७१ साली ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे दुसरा ३० चा, मग २१० मेगावॅटचे तीन संच आले. हे जुने पाचही संच आता बंद झाले. आज २५० मेगावॅटचे तीन संच उभे आहेत. त्यांतला शेवटचा २०१६ चा आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे सगळे केंद्र बंद ठेवावे लागले होते. म्हणजे जो कोळसा हवा तापवतो, तोच पाऊस गेला की उभा राहू शकत नाही. तेव्हा कोळसा कमी व्हावा, सूर्याची वीज वाढावी, हे आपल्याही हिताचे आहे. आमचे भांडण धूर कमी करण्याशी नाही. आमचे भांडण खर्चाच्या वाटणीशी आहे.

हप्ते फिटायच्या आधी ट्रॅक्टर मोडा म्हणतात

मुळात यात एवढा पैसा लागतो कशाला? समजा तुम्ही बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. निम्मे हप्ते फिटले आहेत, ट्रॅक्टर चांगला चालतो आहे. आणि कोणीतरी येऊन म्हणाले, याचा धूर फार होतो, हा मोडीत काढा आणि विजेवरचा घ्या. तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल? राहिलेले हप्ते कोण फेडणार? दुसरा प्रश्न, नवा घ्यायला पैसे कोण देणार? आणि तिसरा, ड्रायव्हर ठेवला होता, त्याने खायचे काय?

आशियातल्या कोळशाच्या केंद्रांचे नेमके हेच आहे. जगात जेवढा कोळसा जळतो त्यातला निम्म्याहून जास्त एकटा चीन जाळतो. त्याच्या मागे भारताचा नंबर. युरोप-अमेरिकेची केंद्रे जुनी झाली, त्यांची कर्जे कधीच फिटली. आशियातली बरीचशी केंद्रे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. परळीचा शेवटचा संच २०१६ चा म्हटल्यावर त्याचे आयुष्य अजून बरेच बाकी आहे. वीज घ्या की घेऊ नका, केंद्राचा स्थिर आकार भरावाच लागतो, आणि तो शेवटी बिलातच येतो.

श्रीमंत देश म्हणाले, आम्ही मदत करतो. २००९ साली कोपनहेगनच्या परिषदेत त्यांनी शब्द दिला की २०२० पर्यंत गरीब देशांना दरसाल १० हजार कोटी डॉलर उभे करून देऊ. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे हा आकडा पहिल्यांदा गाठला गेला तो २०२२ साली. त्यातही मोठा हिस्सा कर्जाचा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाकूच्या परिषदेत नवा शब्द दिला, २०३५ पर्यंत दरसाल ३० हजार कोटी डॉलर. विकसनशील देशांची मागणी १ लाख ३० हजार कोटींची होती. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उभे राहून हा आकडा म्हणजे दृष्टिभ्रम आहे असे सांगितले.

कोळसा सोडण्यासाठी म्हणून वेगळे करारही झाले. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला ८५० कोटी डॉलर जाहीर झाले. २०२२ मध्ये इंडोनेशियाला २,००० कोटी आणि व्हिएतनामला १,५५० कोटी. भारताने असा करार केला नाही. हे पैसे मदत म्हणून गाजले, पण बहुतेक सगळे कर्ज आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोमाटी या वीज केंद्राचेच उदाहरण घ्या. ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केले. त्याच्या जागी सौर आणि पवन वीज उभी करण्यासाठी आणि कामगारांसाठी जागतिक बँकेने ४९ कोटी ७० लाख डॉलर मंजूर केले. त्यात अनुदान होते फक्त १ कोटी. शंभर रुपयांतले दोन रुपये मदत, अठ्ठ्याण्णव रुपये कर्ज. आणि २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिका या तिन्ही करारांतून बाहेर पडली. सावकार लग्नाला कर्ज देतो, पत्रिकेवर स्वतःचे नाव छापून घेतो आणि वसुली मात्र मुलीच्या बापाकडून करतो, त्यातला हा प्रकार आहे.

आपल्या घरचा पैसा कुठे गेला

परदेशाचे राहू द्या. आपल्या देशातही या कामासाठी पैसा गोळा झाला, हे फार थोड्या लोकांना माहीत आहे. २०१० साली केंद्र सरकारने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला. नाव दिले स्वच्छ ऊर्जा उपकर. कोळसा जाळणाऱ्याकडून पैसा घ्यायचा आणि तो सूर्य-वाऱ्याच्या विजेला लावायचा. विचार चांगला होता. २०१४ ला उपकर १०० रुपये झाला, २०१५ ला २००, २०१६ ला ४००.

एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे युनिटमागे अठ्ठावीस-तीस पैसे. कोळसा कंपनीने ते वीज केंद्राकडून घेतले, केंद्राने महावितरणकडून आणि महावितरणने तुमच्या घरच्या मीटरवर, गावच्या पिठाच्या गिरणीवर, जिनिंगवर टाकले. धूर सोडणाऱ्याला लावलेला दंड दिवा लावणाऱ्याने भरला.

भरला तर भरला. पुढे काय झाले? २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून ८६ हजार कोटींवर रुपये जमा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले २९ हजार कोटींच्या आसपास. आणि निधीतून प्रत्यक्ष कामाला लागले सुमारे १६ हजार कोटी. म्हणजे जमलेल्या शंभरातले अठरा-एकोणीस रुपये. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा उपकराचे नाव बदलून तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. आता त्यात स्वच्छ हे नावसुद्धा राहिले नाही.

ज्या निधीतून मराठवाड्याच्या प्रत्येक उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहू शकला असता, तो सरकारी तिजोरीत विरला. आता तेच काम करायला कर्जरोखे काढतात. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत केंद्राने १६ हजार कोटींचे पहिले हरित रोखे विकले. आधी कर घेतला, तो दुसरीकडे खर्च केला, मग त्याच कामासाठी कर्ज काढले. त्याचे व्याज पुन्हा करातून.

कारखान्यांच्या बाबतीत सरकारचा हात कसा सैल असतो तेही पाहा. वीज केंद्रांच्या धुरातला गंधक काढायची यंत्रे बसवा, असा नियम २०१५ च्या डिसेंबरमध्ये झाला. खर्च फार होतो, अशी तक्रार आली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त संचांना त्यातून मोकळे केले. खर्च झेपत नाही म्हटल्यावर त्यांना दहा वर्षे मिळाली आणि वर माफी मिळाली. आपण खर्च निघत नाही म्हटले की आपल्याला सल्ला मिळतो, पीकपद्धती बदला!

वावर भाड्याने देताना

आता आपल्या तालुक्यात येऊ. राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचे आणि त्या विजेवर शेतीचे फीडर दिवसा चालवायचे. १६ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट आहे. या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. दिवसा वीज ही आपली जुनी मागणी. रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या अंधारात पाणी द्यायला जाणे थांबत असेल, तर त्याचे स्वागतच आहे.

यासाठी खासगी जमीन हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याने घेतात. रेडीरेकनरच्या ६ टक्के रक्कम त्याहून जास्त येत असेल तर ती. म्हणजे एकरी निदान ५० हजार. कोरडवाहू कापूस एकरी पाच क्विंटल धरला आणि २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये पुरता मिळाला असे धरले, तरी साडेअडतीस हजार हाती येतात. त्यातून बी, खत, फवारणी, निंदणी, वेचणी वजा करा. अशा वेळी घरबसल्या ५० हजार कोणाला नको? मुरमाड माळरान देणाऱ्याला आम्ही नको म्हणणार नाही. पण करार पंचवीस-तीस वर्षांचा आहे. तो सही करण्याआधी कागदावर बोट ठेवून वाचा.

भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, पण ती सरळ पद्धतीची. म्हणजे पहिल्या वर्षीच्या ५० हजारांवर दरसाल १,५०० रुपये. पंचविसाव्या वर्षी भाडे होईल ८६ हजार. आता मागे वळून पाहा. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०००-०१ साली १,६२५ रुपये होता. २०२५-२६ ला तो ७,७१० झाला. पंचवीस वर्षांत पावणेपाचपट. ज्या हमीभावाला आपण जन्मभर शिव्या दिल्या, तो पावणेपाचपट झाला. भाडे मात्र पंचवीस वर्षांत पावणेदोनपटही होणार नाही. महागाई सालाला ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर आज ५० हजारांत येणाऱ्या मालाला पंचविसाव्या वर्षी दोन लाख लागतील. तेव्हा हातात येणार ८६ हजार. सालगड्याची मजुरी कोणी पंचवीस वर्षांसाठी बांधून देतो का? मग वावराचे भाडे का बांधायचे? आमची मागणी सरळ आहे. भाडे कापसाच्या हमीभावाशी जोडा. हमीभाव जितका टक्का वाढेल तितका टक्का भाडे वाढेल.

दुसरा हिशेब. एक मेगावॅटच्या प्रकल्पाला चार-पाच एकर लागतात. वर्षाला त्यातून पंधरा-सोळा लाख युनिट निघतात. तीन रुपयांच्या आसपास दर मिळतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४८ लाखांची वीज. एकरी साडेनऊ-दहा लाख. त्यातून जमीनवाल्याला ५० हजार, म्हणजे शेकडा पाच. कोणी म्हणेल, यंत्रसामग्रीला कोट्यवधी लागतात, बँकेचे व्याज असते. बरोबर आहे. आम्हीही तेच म्हणतो. खेळ बँकेचा आहे. पीएम-कुसुम योजनेत ५०० किलोवॅटपासून २ मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प शेतकऱ्याला स्वतः उभा करता येतो, हे २०१९ पासून कागदावर आहे. पण त्याच जमिनीवर कंपनीला कर्ज मिळते आणि जमीनमालकाला बँक दारात उभे करत नाही. धूर कमी करायचा पैसा स्वस्त व्याजाने द्यायचाच असेल, तर तो गावच्या शेतकऱ्यांनी मिळून केलेल्या कंपनीलाही द्या. जमीन आमची, ऊन आमचे, मग मालकीत वाटा का नको?

तिसरी गोष्ट गायरानाची. सरकारी जमीन या योजनेत वर्षाला एक रुपया नाममात्र भाड्याने देता येते. मराठवाड्यात गायरान म्हणजे मोकळी जागा नाही. तिथे गावाची जनावरे चरतात. भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथे ज्वारी पेरून खातात. खासगी जमिनीला एकरी ५० हजार आणि गायरानाला एक रुपया, तर प्रकल्पवाल्याची नजर कुठे जाईल ते सांगायला नको. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान आहे. ते कोणासाठी आणि कोणाच्या बदल्यात, हे ग्रामसभेत विचारा. आणि एक विसरू नका. जी जमीन पंचवीस वर्षे काचेखाली जाईल, तिथे निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरीही पंचवीस वर्षे जाईल. त्यांचे नाव कोणत्याच करारात नाही.

तीन रुपये आणि आठ रुपये

सरकार सांगते की शेतीला वीज पुरवायला सरासरी युनिटला आठ रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि सौर वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे शेतीला दिलेल्या प्रत्येक युनिटमागे चार-पाच रुपये वाचणार. ते कोणाला मिळणार? सरकारच सांगते की शेतीसाठी उद्योगांवर टाकलेला बोजा यामुळे कमी होईल, उद्योगांचे वीजदर उतरतील.

उद्योगांचे दर उतरावेत याला आमची हरकत नाही. सूतगिरणी, जिनिंग चालली तर आपलाच कापूस उचलला जाईल. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मालावर धुराच्या हिशेबाने कर सुरू केला आहे. आपल्या कारखान्यांना स्वच्छ आणि स्वस्त वीज लागणारच. पण मग हे मान्य करा की शेतकऱ्याच्या वावरावरचा सूर्य उद्योगाचे बिल कमी करतो आहे. आजवर सगळे म्हणत आले की शेतकरी उद्योगांच्या जिवावर फुकट वीज वापरतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ च्या एप्रिलपासून मार्च २०२९ पर्यंत बिल माफ केले आहे, त्याचा डांगोरा रोज ऐकतो. मार्च २०२९ नंतर काय? कोळशाच्या आठ रुपयांचे बिल तीन रुपयांच्या सौर विजेवर पुन्हा आपल्याच पंपाला लावणार का? याचे उत्तर आजच, लेखी, मिळाले पाहिजे. वाचलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा जळालेल्या डीपी, लोंबणाऱ्या तारा आणि जमिनीच्या भाड्यावर खर्च झाला पाहिजे.

पऱ्हाटी द्या, कडबा देऊ नका

कोळशात शेतीचा काडीकचरा मिसळून जाळायचा, असे केंद्राचे धोरण २०२१ मध्ये ठरले. भुसा, तुराट्या, पऱ्हाट्या दाबून त्यांच्या कांड्या करतात. २०२४-२५ पासून कोळशाच्या ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के, असा नियम २०२३ मध्ये सुधारून केला. परळीने ५ टक्के जरी पाळायचे म्हटले तर किती माल लागेल? ७५० मेगावॅट पूर्ण चालले तर दिवसाला बारा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. वर्षभर दोन-तृतीयांश भाराने चालले असे धरले, तर ५ टक्क्यांनी वर्षाला सुमारे दीड लाख टन काडी लागेल. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे साठ हजार हेक्टरांवरची पऱ्हाटी एकट्या परळीला.

हे सोने आहे असे समजू नका, पण कचराही समजू नका. पऱ्हाटी वेळेवर उपटून वावराबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीची साखळीही तुटते. बांधावर जाळली तर काहीच मिळत नाही. नागपूरच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्राने पऱ्हाटीच्या कांड्या आणि फळ्या करून दाखवल्या आहेत. तंत्र आहे, गिऱ्हाईक आहे. भाव कुठे आहे? कारखान्यात तयार झालेल्या कांड्यांचा आधारभाव सरकारने उष्णतेच्या हिशेबाने ठरवून दिला. बांधावरच्या पऱ्हाटीचा ठरवला नाही. वीज केंद्र ओलावा मोजून, उष्णता मोजून पैसे देणार, आणि मधला माणूस आपल्याकडून ढीग बघून गाडीच्या अंदाजाने उचलणार. एकाधिकार खरेदीच्या काळात एकच गिऱ्हाईक असले की चुकाऱ्यासाठी किती थांबावे लागते, ते जुन्या लोकांना आठवते. म्हणून पऱ्हाटी वजनाने विका, ओलाव्याची टक्केवारी समोर मोजा, पैसे आठ दिवसांत घ्या. उपटणी आणि वाहतुकीचा खर्च निघून वर काही उरत नसेल, तर कुट्टी करून वावरातच गाडा. तिथे तिचे खत होते.

आणि कडबा? ज्वारीचा कडबा कोणत्याही भावाने भट्टीत जाता कामा नये. ज्वारीचे क्षेत्र आधीच घटले आहे. ज्या वर्षी पाऊस जातो त्या वर्षी कडब्याची एकेक पेंढी मोजून घालावी लागते. जनावराच्या तोंडचा घास काढून दिवे लावायचे असतील, तर ते दिवे आपल्याला नकोत.

हवेचा सातबारा

अलीकडे गावोगाव काही लोक कागद घेऊन फिरतात. झाडे लावा, बांबू लावा, नांगरट कमी करा, तुम्हाला कार्बनचे पैसे मिळतील, असे सांगतात. या धंद्याची मुळे अशी. केंद्राने २०२२ साली कायदा बदलला आणि २०२३ च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिटच्या बाजाराची योजना काढली. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा कारखान्यांना मालाच्या प्रत्येक टनामागे किती धूर सोडायचा याची मर्यादा घालायची. मर्यादेपेक्षा कमी सोडणाऱ्याला प्रमाणपत्र, जास्त सोडणाऱ्याने ते विकत घ्यायचे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या चार उद्योगांच्या मर्यादा जाहीर झाल्या. कोळशाची वीज केंद्रे या मर्यादेत नव्हती.

बाजाराला आमचा विरोध कधीच नव्हता. मालाला भाव मिळत असेल तर हवेतला कार्बन मातीत मुरवण्यालाही भाव मिळावा. पण ज्या मालाचे वजन तुम्हाला करता येत नाही, भाव तुम्हाला कळत नाही आणि गिऱ्हाईक तुम्हाला दिसत नाही, तो माल आंधळेपणाने विकू नका. कागद मराठीत आहे का? किती वर्षांचा आहे? मधेच पीक बदलले किंवा दुष्काळात झाड वाळले तर दंड आहे का? विक्रीतला किती हिस्सा तुमचा? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत अंगठाही नको आणि सहीही नको.

मागणी आणि काम

भावांनो आणि मायबहिणींनो, आपली मागणी थोडक्यात अशी. धूर कमी करण्याचा खर्च धूर सोडून नफा कमावणाऱ्याने आणि दीडशे वर्षे धूर सोडून श्रीमंत झालेल्या देशांनी उचलावा. त्यात आमची वस्तू लागत असेल तर ती भावाने घ्यावी. वावराला वाढते भाडे आणि मालकीत वाटा, पऱ्हाटीला बांधावर भाव, पंपाला दिवसा वीज आणि तिचा खरा दर, गायरानावरच्या माणसाला त्याची जागा. परळीत बंद झालेल्या संचांवर आणि उद्या बंद होणाऱ्या संचांवर कंत्राटी काम करणारी माणसे आपल्याच घरची आहेत. त्यांची सोय आधी, कुलूप नंतर. आम्ही अनुदान मागत नाही. आम्ही हिशेब मागतो.

पुढच्या बैठकीच्या आधी प्रत्येक गावाने चार कामे करावीत. एक, गावात कोणी जमीन सौर प्रकल्पाला दिली असेल तर कराराची प्रत मिळवून चारचौघांत मोठ्याने वाचावी आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात काय नोंद झाली ते तलाठ्याकडून पाहून घ्यावे. दोन, गायरान देण्याचा ठराव झाला आहे का, कोणत्या ग्रामसभेत झाला, त्याची नक्कल मागावी. तीन, या हंगामात गावात किती एकरांवर पऱ्हाटी उभी आहे आणि उपटणीला एकरी काय खर्च येतो, ते वहीत लिहून आणावे. चार, विद्युत नियामक आयोग वीजदर ठरवताना लोकांच्या हरकती मागवतो. सौर विजेतून वाचलेला पैसा कोणाला दिला, हा एकच प्रश्न लिहून प्रत्येक गावातून हरकत जावी. मजकूर तालुक्याच्या कार्यकर्त्यांकडे मिळेल.

वही आणायला विसरू नका. भाषणाने भाव वाढत नाही, हिशेबाने वाढतो.